ओली बोट

मी बोट पाहायला गेलो तेव्हा ती ओली होती.

मालकानं नुकतीच पाइपनं धुऊन ठेवली होती. उन्हं कलली होती, तिच्या कुशीवरून पाणी ओघळत होतं, आणि ते असं काही चमकत होतं की पुढचं मी नीट पाहिलंच नाही. एकोणीस फुटी फायबरची बोट, मागे 115 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन, खाली ट्रेलर. पांढरं अंग, निळा पट्टा. मी भोवती एक फेरी मारली, ट्रेलरच्या टायरला बुटानं दोन ठोसे दिले (हे लोक का करतात ते मला अजून कळलेलं नाही, पण मीही केलं), इंजिनाचं झाकण उघडून जाणकारासारखी मान हलवली. सौदा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट सुकलेली होती आणि एका रात्रीत दहा वर्षांनी म्हातारी झाली होती. निळा पट्टा दुधात बुडवून काढल्यासारखा. अंगावरून हात फिरवला तर तळवा पांढरा, फळा पुसून आल्यासारखा. बायकोनं माझ्या हाताकडे पाहिलं, मग बोटीकडे, आणि काहीही न बोलता आत गेली. ते न बोलणं बराच काळ पुरलं.

विकणाऱ्यानं फसवलं असं मी म्हणणार नाही. बोट धुऊन दाखवणं हा काही गुन्हा नव्हे. पाण्याचं काम पाण्यानं केलं. जुन्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य खड्डे पडलेले असतात, त्यांवर आपटून उजेड वाटेल तिकडे पांगतो आणि आपल्याला रंग फिका दिसतो. पाणी ते खड्डे भरून काढतं. जोवर ओल आहे तोवर बोट नवी. तेव्हापासून कुणी सेकंडहँड बोट घ्यायला निघाला की माझा एकच सल्ला असतो: ती वाळेपर्यंत थांब.

हा जो खडू हाताला लागतो, तो म्हणजे जेलकोट. फायबरच्या बोटीला बाहेरून रंग दिलेला नसतो. साच्यात सगळ्यात आधी रंगीत पॉलिस्टर रेझिनचा थर फवारतात, त्यामागे काचेच्या धाग्यांची चटई आणि रेझिन असे थर चढवत जातात. म्हणजे आपण जिला बोटीची कातडी म्हणतो ती बोटीच्या आधी जन्मलेली असते. तिची जाडी किती? अर्धा मिलीमीटर, थोडं इकडेतिकडे. नखाएवढी म्हणा. 1942 साली रे ग्रीन नावाच्या माणसानं अमेरिकेतल्या टोलेडो शहरात पॉलिस्टर आणि काचेच्या धाग्यांची बोट बनवली, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत लाकडाचा कारभार आटोपत आला. कुजणार नाही, वाळवी नाही, सांध्यांतून पाणी नाही, दरवर्षी भेगा भरायला नकोत. एवढं सगळं खरं ठरलं. फायबर कुजत नाही. ते फक्त उन्हात बसून बसून म्हातारं होतं. सूर्यप्रकाशातला अतिनील भाग रेझिनच्या साखळ्या तोडत राहतो, वरचा थर भुसभुशीत होतो, रंगद्रव्य मोकळं पडतं आणि आपल्या तळहाताला येऊन चिकटतं.

त्यावर उपाय म्हणजे तो भुसभुशीत थर खरवडून काढायचा आणि खालच्या शाबूत थराला वर आणायचं. यालाच कंपाउंड मारणं म्हणतात. कंपाउंड म्हणजे फार बारीक वाळू घातलेली खीर समजा. मशीनच्या लोकरी पॅडवर ती लावायची आणि दोन फूट बाय दोन फूट एवढाच तुकडा घेऊन घासत राहायचं. मोठा तुकडा घेतला की कंपाउंड वाळतं आणि पॅड नुसता तापतो. उन्हात तर हे काम करूच नये. मला हे सगळं ज्यांनी शिकवलं ते इंजिनवाले काका. साठीच्या पुढचे, कमी बोलणारे, आणि कुणी चुकत असेल तर त्याला पूर्ण चुकू देणारे. ते म्हणायचे, "पॅड उचललास की उलट्या हातानं जागा बघायची. चटका बसला तर थांब."

उलट्या हातानं का, ते मला नंतर कळलं. तळव्याची कातडी राठ असते, तिला उशिरा समजतं.

पहिल्या फुटाचं काम झालं तेव्हाचा क्षण मात्र खरंच सुखाचा होता. मायक्रोफायबरच्या फडक्यानं उरलेलं कंपाउंड पुसलं आणि निळ्याच्या आतून निळा निघाला. गडद, ओला दिसणारा, पण कोरडा. त्यात माझं तोंड दिसलं, मागचं झाड दिसलं. शेजारचा न घासलेला भाग आणि हा भाग यांच्यामधली रेष इतकी स्पष्ट होती की मी घरातल्या सगळ्यांना बोलावून ती दाखवली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे तर पहिल्या दिवशीच सुरू झाले. मग मी सुटलोच.

सुटलेल्या माणसाचं जे होतं तेच माझं झालं. तिसऱ्या दिवशी बोटीच्या पुढच्या भागात, जिथे बाजू आणि तळ यांचा कोन होतो त्या कंगोऱ्यावर, थोडा रंग फिका वाटला म्हणून मी मशीन जरा जास्त दाबलं. सपाट जागी पॅडचा दाब पसरतो. कंगोऱ्यावर तो सगळा एका रेषेत उतरतो. पांढऱ्यात एक करडा-हिरवट ठिपका दिसायला लागला. मला वाटलं डाग आहे. म्हणून आणखी घासलं. ठिपका मोठा झाला. तेव्हा लक्षात आलं की तो डाग वरून आलेला नाही. मी अर्धा मिलीमीटर संपवून पलीकडे पोचलोय आणि हे जे दिसतंय ते आतलं फायबर आहे. काचेच्या विणीचे चौकोन दिसत होते.

काका चहा संपवून आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "पोचलास का?"

"तुम्हाला दिसत होतं ना, काका?"

"मशीनच्या आवाजावरनं कळत होतं."

"मग थांबवायचं होतं!"

"आता परत करशील का?"

परत केलं नाही. त्या जागी जेलकोटची पेस्ट भरली. ती हवेत वरून चिकटच राहते, म्हणून तिच्यावर प्लास्टिकचा तुकडा चिकटवून ठेवायचा, की तिला हवा लागत नाही आणि ती धड घट्ट होते. मग वॉटर पेपर घेऊन 600 नंबरपासून 2000 पर्यंत पाण्यात घासत बसलो. पांढऱ्या रंगाच्या किती छटा असतात ते कुणाला पाहायचं असेल तर बोटीला लांबी भरून पाहावी. माझा तुकडा आजही ओळखू येतो. मला तर डोळे मिटूनही सापडेल.

पण त्या ठिपक्यानं एक हिशेब डोक्यात पक्का बसवला. मी चमक आणत नव्हतो, चमक काढत होतो. खात्यात अर्धा मिलीमीटर शिल्लक होती आणि दर वेळी कंपाउंड मारून मी त्यातून थोडी खर्च करत होतो. आधीच्या मालकानं किती खर्च केली होती ते तर ठाऊकच नव्हतं. एखाद्या बोटीचा मालक दरवर्षी हौसेनं मशीन चालवतो आणि बोट आरशासारखी ठेवतो, लोक वाहवा करतात. मला आता अशा बोटीकडे पाहून जरा काळजीच वाटते.

याच घासण्यात तिचं नाव सापडलं.

मागच्या बाजूला, इंजिनाच्या डावीकडे, आधीच्या मालकानं व्हिनाइलची अक्षरं चिकटवलेली होती. त्यांचे नुसतेच कपचे उरले होते, वाचता येत नव्हतं. मी हेअर ड्रायरनं तापवून ते काढले, गोंद पुसला, जागा स्वच्छ केली आणि विसरलो. कंपाउंड मारताना संध्याकाळच्या तिरप्या उजेडात आधी एक आडवी रेघ दिसली. शिरोरेषा. मग तिला लटकलेली अक्षरं एकेक करून उतरली: उर्मी. अक्षरांखालच्या जागेला इतकी वर्षं ऊन लागलेलंच नव्हतं, त्यामुळे तिथला निळा पहिल्या दिवसाइतका ताजा होता आणि भोवतालचा विटलेला. सूर्यानं उलटं छापलेलं नाव. गंमत म्हणजे त्यातला उ ऱ्हस्व होता. लहर या अर्थी तो शब्द ऊर्मी असा दीर्घ लिहितात. कुणीतरी केव्हातरी घाईत कापून चिकटवलेली चूक, उन्हानं एवढी निगुतीनं जपलेली.

हे भूत घालवता येतं. आजूबाजूचा निळा अक्षरांइतका ताजा दिसेपर्यंत जेलकोट उतरवायचा. म्हणजे एक नाव पुसायचं म्हणून अख्ख्या पट्ट्याची शिल्लक खर्च करायची. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मी मशीन बंद केलं. बोटीचं नाव बदललं की ती रुसते अशी जगभरच्या खलाशांची समजूत आहे, तीही सोयीस्करपणे आठवली.

कंपाउंडनंतर मेण. मेण चमकवतं असा आपला समज असतो. चमक कंपाउंडनं आधीच आलेली असते, मेण तिच्यावर पांघरूण घालतं. चांगल्या मेणात कार्नोबा असतं, ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरचं. त्या कोरड्या मुलखात पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड स्वतःच्या पानांना हे मेण चोपडतं. वनस्पतिजन्य मेणांत ते अतिशय कठीण, 80 अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्याशिवाय वितळत नाही. एका झाडानं स्वतःसाठी शोधून काढलेली युक्ती आपण खरवडून आणतो आणि प्लास्टिकला फासतो.

आणि ते टिकतं किती? दोन-तीन महिने, फार तर एक हंगाम. मला आधी ही शुद्ध फसवणूक वाटायची. आता वाटत नाही. ऊन कुणाला तरी खाणारच. मेणाला खाल्लं तेवढे दिवस जेलकोटला खाल्लं नाही. मेणाची झीज भरून काढायला एक रविवार पुरतो, जेलकोटची झीज भरून येत नाही. भांडी घासायच्या साबणानं बोट धुणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगावंसं वाटतं की तो साबण तेलकट ते सगळं काढतो, आणि मेण म्हणजे तेलकटच. बोटीचा साबण वेगळा मिळतो, तो मिळमिळीत असतो, त्याला फेस कमी येतो, आणि तो तसाच असायला हवा. हल्ली सिरॅमिक कोटिंगची फार चलती आहे. ते टिकतं जास्त, यात शंका नाही. पण खाली जे असेल त्यासकट ते बंद करतं. भुसभुशीत जेलकोटवर ते लावलं तर धुळीवर काच बसवल्यासारखं होतं.

गाद्यांबद्दल फार बोलत नाही. व्हिनाइलवर काळी बुरशी येते, ती हवा खेळती न ठेवल्यामुळे येते, आणि लोक तिच्यावर ब्लीच ओततात. बुरशी जाते, आणि वर्षभरानं शिवण उसवायला लागते, कारण ब्लीचनं दोरा खाल्लेला असतो. सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि झाकण घालण्याआधी पूर्ण वाळवणं. संपला विषय.

खरी गोष्ट इंजिनाकडे आहे. आउटबोर्ड इंजिन बाहेरचंच पाणी ओढून स्वतःला गार ठेवतं. ते पाणी ओढायला खालच्या पायात एक छोटा पंप असतो आणि पंपात रबराचं एक फूल, इंपेलर. सहा-आठ पाकळ्या. ज्या डबीत ते फिरतं तिचं केंद्र जरा सरकवलेलं असतं, त्यामुळे पाकळ्या एका बाजूला दबतात, दुसऱ्या बाजूला उघडतात आणि त्या उघडझापीतून पाणी वर ढकललं जातं. रबराला फिरताना वंगण म्हणून तेच पाणी. पाणी नसेल तर रबर धातूवर घासतं आणि मिनिटभराच्या आत जळून जातं. 115 घोड्यांचं हे राक्षसी यंत्र मुठीत मावेल अशा रबरी फुलाच्या जिवावर उभं असतं हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर इंजिन गोड्या पाण्यानं धुतात. पायाच्या दोन्ही बाजूंना रबरी कानपट्ट्या लावायच्या, त्यांना पाइप जोडायचा, नळ सोडायचा, मग इंजिन चालू करायचं. या क्रमातली तिसरी गोष्ट मी एकदा विसरलो. फोनवर बोलत होतो. मागून बारीक धार पडायला हवी ती पडत नाहीये हे दिसत होतं, पण दिसणं आणि लक्षात येणं यांच्यात फोन होता. चाळीसेक सेकंद. जळक्या रबराचा वास आला तेव्हा किल्ली फिरवली.

काकांनी पाय उतरवला, डबी उघडली. आठातल्या दोन पाकळ्या मुळापासून गेलेल्या. मी नवीन इंपेलर पुढे केला तर त्यांनी तो बाजूला ठेवला. "आधी त्या दोन कुठायत ते बघ." तुटलेली पाकळी पाण्याबरोबर वर जाते आणि कुठल्यातरी अरुंद वाटेत अडकून बसते. नवीन इंपेलर लावून आपण निर्धास्त, आणि इंजिन मात्र आतून तापतच राहतं. दोन तुकडे शोधायला पूर्ण दुपार गेली. एक नळीच्या तोंडाशीच मिळाला, दुसरा थर्मोस्टॅटपाशी. काकांनी ते दोन्ही टेबलावर फुटक्या पाकळीला लावून पाहिले, कडा जुळल्या, आणि मगच नवीन इंपेलरचं पाकीट फाडलं.

त्यानंतर मी दर दुसऱ्या हंगामात तो बदलतो, चांगला दिसत असला तरी. बराच काळ इंजिन उभं राहिलं की दबलेल्या बाजूच्या पाकळ्या तशाच वाकलेल्या राहतात, उतारवयातल्या पाठीसारख्या. पुढे एकदा धार पुन्हा बंद पडली आणि माझ्या पोटात गोळा आला. या वेळी इंपेलर ठणठणीत होता. धारेच्या भोकात कुंभारीण माशीनं चिखलाचं घर बांधलं होतं. तारेचा तुकडा घातला, माती पडली आणि धार सुरू झाली.

पंख्यामागचा, म्हणजे प्रोपेलरमागचा, प्रकार आणखी चोरटा. पाण्यात तरंगणारा गळाचा दोर पंख्याला गुंडाळतो, हळूहळू आत सरकतो आणि दांड्याभोवतीच्या ऑईल सीलला सुरीसारखा कापतो. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून हंगामातून एकदोनदा पंखा काढायचा, मागचा वायसर कुठल्या बाजूनं बसला होता ते लक्षात ठेवायचं आणि दांडा साफ करून ग्रीस लावायचं. गिअरचं तेल बदलताना खालचा स्क्रू उघडला की पहिलं काय येतं ते बघायचं. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसलेलं असतं, आधी तेच येतं. तेल दुधाळ निघालं तर सील गेलं. नवीन तेल भरताना खालच्या भोकातून वर भरत जायचं, म्हणजे आतली हवा वरच्या भोकातून निघून जाते. हे मला फार आवडतं. वरून ओतण्याची सवय असलेल्या माणसाला खालून भरायला शिकवणारी एवढी एकच जागा मला माहीत आहे.

आता झिंक. इंजिनाच्या पायाला जस्ताचे ठोकळे बोल्टनं बसवलेले असतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा वाटलं, यांना पार खड्डे पडलेत, गंजलेत, घासून रंगवून टाकू. ब्रश हातात होता. काका तेव्हाही चहाच पीत होते, पण या वेळी उठले.

"त्याला रंग देऊ नकोस."

"का? किती खराब झालाय."

"खराब व्हायलाच बसवलाय त्याला."

दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटून असले की त्यांची बॅटरी होते आणि त्यांतला जास्त चंचल धातू विरघळायला लागतो. पंखा स्टीलचा, पाय ॲल्युमिनियमचा. मधे आणखी चंचल असं जस्त बसवलं की पाणी आधी ते खातं. गोड्या पाण्यात जस्त मंद पडतं, तिथे मॅग्नेशियम लावतात. कधी इथे कधी तिथे फिरणाऱ्या बोटीला ॲल्युमिनियमच्याच एका मिश्रधातूचे ठोकळे बरे. निम्मा झिजला की बदलायचा. बरेच दिवस होऊनही ठोकळा नवाकोरा दिसत असेल तर खूश व्हायचं कारण नाही. त्याचा धातूशी संपर्क तुटलाय आणि पाणी दुसरं काहीतरी खातंय. चंदनासारखं झिजणं म्हणतात ते हेच. चंदनाचा निदान सत्कार तरी होतो.

हे शहाणपण जहाजवाल्यांना फुकट मिळालेलं नाही. ब्रिटिश नौदलानं 1761 साली ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला, किडे आणि शेवाळ लागू नये म्हणून. दोन वर्षांनी पाहतात तर तांबं शाबूत आणि लोखंडी खिळे पार कुजलेले. काही खिळे मात्र चांगले राहिले होते. तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते तो कामगारांनी काही ठिकाणी काढलाच नव्हता, आणि त्या कागदानं दोन धातूंना वेगळं ठेवलं होतं. कामचुकारपणामुळे लागलेले शोध मोजले तर त्यात हा बराच वर येईल.

पुढे 1824 मध्ये हम्फ्री डेव्ही या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञानं उलटा विचार केला: तांब्यालाच वाचवायचं असेल तर त्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे जोडा. जोडले, तांबं झिजायचं थांबलं, रसायनशास्त्राचा विजय झाला. आणि तळाला शेवाळ आणि बार्नॅकल (खडकांना, जहाजांना चिकटून राहणारे कवचाचे छोटे समुद्री प्राणी) इतके लागले की जहाजं चालेनात. तांबं किड्यांना दूर ठेवत होतं ते विरघळत होतं म्हणूनच. झीज थांबवली आणि काम थांबलं. शेवटी नौदलानं ते तुकडे काढायला लावले. मी ही गोष्ट वाचली त्या रात्री उठून टॉर्च घेऊन झिंक पाहून आलो. का, ते विचारू नका.

बार्नॅकलचा मला स्वतःला प्रसाद मिळालाय. ट्रेलरवर राहणाऱ्या बोटीला तळाचा विषारी रंग लागत नाही, पाण्याबाहेर आली की सगळं मरतं. पण एकदा ट्रेलरचं बेअरिंग गेलं म्हणून बोट पाच आठवडे पाण्यातच ठेवली. परत निघालो तर इंजिन पूर्ण जोरात आणि बोट पाण्यावर उचलायलाच तयार नाही, ओलं पोतं ओढल्यासारखी. बाहेर काढली तर तळाला खवणी झालेली. प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडलं. टोप्या उडाल्या, पण प्रत्येकाचं गोल पांढरं बूड जेलकोटला चिकटूनच राहिलं. पाण्याखाली घट्ट होणारा त्यांचा तो गोंद माणसाला अजून धड बनवता येत नाही. चार्ल्स डार्विननं 1846 ते 1854 अशी आठ वर्षं या प्राण्याच्या अभ्यासात घालवली आणि त्याच काळात एका मित्राला लिहिलं की मी बार्नॅकलचा जेवढा द्वेष करतो तेवढा रेंगाळणाऱ्या जहाजावरच्या खलाशानंही कधी केला नसेल. डार्विनशी माझं एवढ्यापुरतं पूर्ण एकमत आहे.

त्यांना मारायचा अक्सीर उपाय एकेकाळी होता: टीबीटी हे कथिलाचं संयुग घातलेला रंग. इतका अक्सीर की खाड्यांतल्या कालवांचे कवच वेडेवाकडे व्हायला लागले आणि समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटले. फ्रान्सनं 1982 मध्ये लहान बोटींवर त्याला बंदी घातली. जगभरासाठीचा करार 2001 मध्ये झाला आणि 2008 मध्ये लागू झाला. आता पुन्हा मुख्यतः तांब्याचेच रंग आहेत, थर-थरानं विरघळणारे. म्हणजे फिरून पुन्हा तिथेच, जे जातं तेच राखतं.

याला अपवाद मला एकच सापडलाय. कठड्याचं स्टेनलेस स्टील. त्याच्या अंगावर क्रोमियम ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा असतो, आणि तो ओरखडला तर हवेतला ऑक्सिजन घेऊन आपला आपण परत येतो. म्हणूनच ते उघड्यावर सुखी असतं. बोल्टच्या डोक्याखाली, ओल्या फटीत, जिथे हवा नाही, तिथेच ते तपकिरी अश्रू ढाळतं.

आणि शेवटी बिल्ज, म्हणजे बोटीचं पोट. वरून कीर्तन आतून तमाशा ही म्हण ज्यानं केली त्यानं नक्की बोट पाहिली असणार. माझी बोट बाहेरून आरसा झाली तेव्हाही बिल्जमध्ये तेलकट पाणी, एक चप्पल, मऊ पडलेली पानं आणि एक स्क्रू ड्रायव्हर होता, जो मी दोन वर्षं चोरीला गेला म्हणून सांगत होतो. पानं पंपाच्या जाळीला लागतात. पंप आपोआप चालू करणारं तरंगतं बटण तेलाच्या चिकट्यानं जागीच अडकतं. हे मी कधी तपासलं नव्हतं आणि तपासायची वेळ ज्या दिवशी आली, त्या दिवशी आधी बूच विसरलो होतो.

बोटीच्या मागे, अगदी तळाशी, एक भोक असतं. बोट बाहेर असली की बूच काढून पाणी निथळू द्यायचं, पाण्यात उतरवताना लावायचं. अंगठ्याएवढं पितळी बूच. मी बोट उतरवली, ट्रेलर वर नेऊन लावला, परत आलो. बोट जरा बसल्यासारखी वाटली. आत पाऊल टाकलं तर गादीखालून पाणी. पंप गप्प. हात घालून ते बटण वर उचललं तेव्हा तो खाकरून चालू झाला, आणि एका हातानं ते बटण धरून दुसऱ्या हातानं मी खिसे चाचपत होतो. बूच खिशातच होतं. ते बाहेरून लावायचं असतं. कपड्यांसकट पाण्यात उतरलो, बघ्यांची करमणूक झाली. आता बूच गाडीच्या किल्लीला बांधलेलं असतं. बूच सोडवून लावल्याशिवाय बोट ट्रेलरवरून हलत नाही.

मागच्या महिन्यात एक गृहस्थ बोट पाहायला आले. विकायचीच असं काही ठरलेलं नाही. माझी कंबर आणि बोट यांत कुणाची देखभाल आधी करायची असा प्रश्न आहे, इतकंच. ते ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी आले आणि मी नुकताच पाइप बंद केला होता. उन्हं कललेली. बोट नखशिखांत ओली, झळाळणारी. ते पुढे झाले.

"जरा बसा ना," मी म्हणालो. "वाळू दे तिला."

त्यांनी माझ्याकडे नवलानं पाहिलं. बसले मात्र नाहीत. चमकत्या कुशीकडे त्यांनी फारसं पाहिलंच नाही, सरळ मागे गेले, गुडघ्यावर बसले आणि झिंकच्या खड्ड्यांवरून अंगठा फिरवला. "निम्मा झालाय," ते म्हणाले.

"नवीन आणून ठेवलाय. डब्यात आहे."

कंगोऱ्यावरचा माझा पांढरा तुकडा मी स्वतःच दाखवला. तो त्यांनी आधीच पाहिला होता. वारा होता, पाणी वरून खाली आटत चाललं होतं. निळ्या पट्ट्याची वरची कड कोरडी झाली तशी डावीकडे ती आडवी रेघ उमटली, तिच्याखाली एकेक अक्षर. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मान तिरकी केली.

"उर्मी," त्यांनी वाचलं. मग थोडं थांबून म्हणाले, "यातला ऊ दीर्घ हवा ना हो?"